थांबवलेल्या गाड्या : शून्य

"जा," हवालदार म्हणाले.

"नाही जात," बर्फवाली म्हणाली.

चौकात असं आजवर झालं नव्हतं. सोडलेली गाडी मागं न बघता धूम ठोकते, असाच रिवाज. बर्फवालीनं मात्र टेम्पोची किल्ली काढून हातात धरली होती. मागं गोणपाटाखाली बर्फाच्या लाद्या आपापल्या परीनं पाणी होत होत्या.

"अहो, कागद बघितले, ठीक आहेत. सोडलंय तुम्हाला."

"ते कळलं, मामा. पण थांबवलं होतं, हे आधी लिहा."

तिनं मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. पोलिसांची वेबसाइट, सगळ्यांसाठी खुली. कुठल्या चौकात किती गाड्या थांबवल्या, का थांबवल्या, कुणीही बघावं. या चौकापुढं ठळक अक्षरांत होतं : या महिन्यात थांबवलेल्या गाड्या, शून्य.

"रोज अडवता तुम्ही मला. मासळीबाजारात पोचेपर्यंत लादीची वीट होते. मालक ही साइट उघडून म्हणतात, तुला कुणी थांबवत नाही, तू वाटेत झोपा काढतेस. आज पुन्हा तसं झालं तर उद्यापासून येऊ नकोस म्हणालेत."

"मग निघा ना लवकर!"

"निघाले, की तुम्ही मला थांबवलंच नव्हतं."

हवालदारांनी यावर विचार केला. विचार काही चांगला निघेना.

मागं स्कूटरवर पाइपांची पिशवी घेऊन बसलेला प्लंबर हॉर्न दाबून दाबून वैतागला. "ओ ताई! पोलीस स्वतः जा म्हणतायत आणि तुम्ही जात नाही? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आज पहिल्यांदाच," ती म्हणाली.

शेवटी हवालदारांनी कमरेचं नोंदीचं यंत्र काढलं. त्यावरची धूळ बाहीनं पुसली. गाडीचा नंबर टाकला. यंत्रानं विचारलं : कारण?

हवालदारांनी टेम्पो निरखला. दिवे ठीक. टायर ठीक. मग बर्फवालीकडे पाहिलं.

"का थांबवलं होतं हो मी तुम्हाला?"

"मला काय विचारता? मी रोज हेच विचारते."

"काहीतरी सांगा. हे रिकामं घेत नाही."

"लिहा, बर्फ पळून जायच्या बेतात होता."

"चेष्टा नको."

"मग खरं लिहा."

हवालदारांनी बराच वेळ खरं शोधलं. मग एका बोटानं, एकेक अक्षर दाबत लिहिलं : सहज.

बर्फवालीनं मोबाइलवर ते पान पुन्हा उघडलं. शून्याचा एक झाला होता. कारण : सहज. तिनं त्याचा स्क्रीनशॉट मालकांना धाडला. प्लंबर स्कूटर सोडून तिच्या खांद्यावरून डोकावत होता. हॉर्न वाजवायचं तो विसरला होता.

"झालं समाधान?" हवालदार म्हणाले. "आता जा."

बर्फवालीनं किल्ली खिशात टाकली.

"आता कालचं."

प्लंबर मागं गेला. त्यानं स्कूटर स्टँडला लावली, हेल्मेट काढून आरशाला अडकवलं.

"यांचं झालं की माझं घ्या, मामा. सावकाश होऊ दे. माझं गेल्या पावसाळ्यापासूनचं आहे."

टेम्पोखालून निघालेलं पाणी बुटांपर्यंत आलं होतं. हवालदारांनी एक पाय उचलला, कोरडी जागा शोधली, आणि पाय तसाच हवेत धरून ठेवला.