चिकाचं दूध

"पीळ आन ह्या करवंटीत टाक," धोंडुबाई म्हणाली. "दूध न्हवं ते, इख हाय."

हरणाबाईनं करवंटीकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं पोरगी छातीशी अशी घट्ट धरली, की सुईण साळूबाईचा पुढं आलेला हात तिथंच थांबला. पोरगी पहाटे झाली होती आणि आता ऊन उंबरा ओलांडून आत आलं होतं. लढाईपायी कापड मिळेनासं झालेलं, म्हणून तिला आज्याच्या जुन्या पटक्याच्या तुकड्यात गुंडाळलं होतं. मूठभर पोर. रडायची तेही बेतानं.

आटपाडीकडच्या त्या धनगरवाडीत रीत ठरलेली होती. बाळंतिणीचं पहिल्या तीन दिवसांचं पिवळं, चिकट दूध काढून बाभळीच्या बुडाशी ओतायचं. तोवर लेकराच्या तोंडाला गुळाच्या पाण्याचा बोळा लावायचा. ही रीत कुणी घातली, असं विचारायची सोय नव्हती. हरणाबाईनं ती दोनदा मुकाट पाळली. दोन्ही पोरं पाचवीच्या आत गेली. बायका म्हणाल्या, नजर लागली. तिनंही तेच खरं मानलं, डोळे पुसले आणि मेंढरांमागं गेली.

"अगं, माझं हात भरून आलं," धोंडुबाई करवादली. "सासूचं ऐकायचं हाय का न्हाई?"

तेवढ्यात बाहेरून बिराप्पाची हाक आली. हरणाबाईचा नवरा, धोंडुबाईचा एकुलता एक. "आये, ढवळी व्याली! पर पिल्लू जवळ घीना!"

करवंटी साळूबाईच्या हातात कोंबून म्हातारी धावली. कोकरू जगवावं तर धोंडुबाईनं, असा तिचा आसपासच्या चार वाड्यांत लौकिक होता. उघड्या दारातून हरणाबाईला सगळं दिसत होतं. म्हातारीनं मेंढी दोन्ही गुडघ्यांत दाबली, दोन धारा मोकळ्या केल्या आणि ओल्या कोकराच्या तोंडात सड दिला. "पी माझ्या राजा, पी." कोकरू धडपडत धडपडत ओढायला लागलं.

"बगत काय हुबा ऱ्हायलास?" ती बिराप्पावर खेकसली. "पयला चीक पोटात न्हाई गेला, तर सांजंपतूर तरी ऱ्हाईल का हे? आदी चीक, मग बाकीचं!"

हेच बोलणं हरणाबाईनं आजवर शंभरदा ऐकलं होतं. तिनं स्वतःच्या हातांनी किती कोकरांना असा चीक पाजला होता, त्याला गणती नव्हती. आणि आपल्या दोन लेकरांच्या वेळी तेच हात करवंटी धरून बसले होते. तिला असा संताप आला, की डोळ्यांपुढं अंधारी आली. सासूचा नव्हे, स्वतःचाच.

धोंडुबाई पदराला हात पुशीत आत आली, तेव्हा पोरगी आईला लुचत होती.

"हरणे! काढ तिला!"

"न्हाई, आत्याबाई."

"आगं, मेंढरू न्हवं ते, माणसाचं लेकरू हाय!"

"मग माणसाच्या लेकरानं मेंढरापरीस काय पाप केलंय?" हरणाबाई म्हणाली. रात्रभराच्या कळांनी पार पिळून निघाली होती, पण आवाज खणखणीत लागला. "दोन मुकाट घालवली. ही न्हाई घालवायची. मारा, न्हाईतर घराभायेर काढा. पोरगी सुटायची न्हाई."

असलं बोलणं साळूबाईनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. ती तडक बाहेर गेली आणि आप्पासोच्या कानावर घालून आली. आप्पासो म्हणजे धोंडुबाईचा नवरा, वाडीतला जाणता माणूस. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं यायचं नाही, म्हणून त्यानं अंगणातूनच काठी आपटली.

"आपल्यात असं कवा झालं न्हाई! पोरगी काढ म्हणावं तिला, न्हाईतर आजच्या आज माहेरची वाट धर म्हणावं!"

आता संपलं, हे हरणाबाईनं ओळखलं. चाळीस वर्षांत सासूनं या माणसाचा शब्द खाली पडू दिला नव्हता. तिनं पोरीवर पदर ओढला आणि दोन्ही हातांचा विळखा घातला. ओढून घेतील तर घेतील, पण सुखासुखी द्यायची नाही.

धोंडुबाई पुढं झाली. वाकून तिनं तो पदर जरासा बाजूला केला. पोरीचा इवलासा गळा घोटाघोटानं हलत होता. म्हातारी त्या गळ्याकडं बघतच राहिली. नंतर तिनं पदर होता तसा नीट केला, दाराशी गेली आणि चौकटीला दोन्ही हात लावून वाट अडवून उभी राहिली. हरणाबाईला तिची पाठ तेवढी दिसत होती.

"झालंय आवं," ती नवऱ्याला म्हणाली. "बिराप्पाच्या येळंला झालंय."

"त्येचं काय काढलंस मधीच? पयली चार गेली, तवा नवस केला. बिरोबानं दिला त्यो."

"दिला बिरोबानंच. पर पयली चार ह्याच घरात झाली, रीतीनं झाली आन रीतीनंच गेली. ह्यो, मेंढरं घिऊन चाऱ्यामागं परमुलखात जगायला गेलो तवा, उघड्या माळावर झाला. तितं माझं दूध वतून टाकायला कुणी नव्हतं."