उजवा मास्तरांचा, डावा ड्रायव्हरचा

“सिस्टरचे डोळे आलेत,” शेजारच्या खाटेवरून ड्रायव्हर कुजबुजला. त्याच्या फक्त डाव्या डोळ्यावर पट्टी होती.

टेलर मास्तर ताडकन उठून बसले. त्यांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि डाव्यात नुसतं धुकं. दारात पांढरं काहीतरी हललं, एवढंच त्यांना कळलं.

“नीट बघितलंत का?”

“लालभडक झालेत. सुजलेत पण. सारखा रुमाल लावतेय.”

झालं. कालच मास्तरांच्या डोळ्यावर नवा पडदा बसवला होता, बुबुळावरचा, काचेसारखा, कुणा गेलेल्या माणसाचा. आज पट्टी सुटायची होती. आणि सोडणार कोण, तर डोळे आलेली बाई. पडद्याला काही झालं की पुन्हा रांगेत उभं राहा. हाच नंबर लागेपर्यंत पाळण्यातली नात शाळेत जायला लागली होती.

तोवर दुकानाचे हाल झाले होते. शिलाई बोटांना पाठ होती, पण सुईत दोरा काही जाईना. लेक सकाळी मूठभर सुया ओवून ठेवायची आणि कामाला जायची. दुपारी त्या संपल्या की मास्तर हात बांधून बसायचे. गिऱ्हाइकाला सांगायचे, मशीन बिघडलंय. आपल्या हाताने एकदा सुई ओवायची, एवढंच त्यांना हवं होतं.

डॉक्टर आत आले तसे मास्तर म्हणाले, “डॉक्टर, राग मानू नका. पण दुसऱ्या कोणी सिस्टर नाहीत का? यांचे डोळे आलेत म्हणे. आम्हाला लागण झाली तर?”

“खरंच हो,” ड्रायव्हरने री ओढली. घोरण्यावरून आणि पंख्यावरून काल दोघांची चांगलीच जुंपली होती. आज मात्र एका सुरात बोलत होते.

ट्रेमध्ये चिमटा ठेवल्याचा आवाज आला.

“त्यांचे डोळे आलेले नाहीत, काका,” डॉक्टर म्हणाले. “लागण होणार नाही. मी सांगतो ना.” मग आवाज खाली आणून ते सिस्टरशी बोलले. “तुम्ही आज यायलाच नको होतं. काही खाल्लंत का?”

“नंतर. एवढ्या दोन पट्ट्या सोडते आणि जाते.”

तिचा आवाज चोंदलेला होता. म्हणजे सर्दीपण आहे, मास्तरांनी मनात म्हटलं.

जिवाला घोर लागला की मास्तरांची बडबड वाढायची. “डॉक्टर, टाके घातलेत ना आत? दोरा कुठला वापरता?”

“केसापेक्षा बारीक असतो. मायक्रोस्कोपमधून बघत घालावे लागतात.”

मास्तरांनी आ वासला. जन्म गेला होता टाके घालण्यात, पण असली शिलाई त्यांनी ऐकलीसुद्धा नव्हती. “आणि माप दुसऱ्याचं, ते माझ्या अंगाला बसवलंत.”

“बसलंय बरोबर.”

“कोण होता हो तो माणूस?”

“नाव सांगायचं नाही असा नियम आहे. एवढंच सांगतो, त्याचा उजवा तुम्हाला दिला आणि डावा यांना. माणूस एकच.”

ड्रायव्हरची खाट करकरली. मास्तरांचा हात आपसूक पट्टीकडे गेला. कुठल्यातरी घरात रडारड चालू असताना कुणीतरी उठून फोन लावला असेल, आमच्या माणसाचे डोळे घेऊन जा म्हणून. एवढं मन माणसं आणतात कुठून? इथे गिऱ्हाइकाचं उरलेलं वीतभर कापड परत करताना आपला जीव खालीवर होतो. मास्तरांना स्वतःची लाज वाटली, आणि भरूनही आलं.

“त्यांची बायको असेल ना?” ड्रायव्हर घोगऱ्या आवाजात म्हणाला. “एकदा समोर उभं करा. हात जोडतो.”

“नियमात बसत नाही,” म्हणत डॉक्टर खिडकीकडे वळले.

सिस्टरने दोघांना धरून एका बाकावर बसवलं. “उजव्या डोळ्यावाले काका उजवीकडे. अजून सरका. डोकी जवळ आणा.”

“वेगवेगळं बसलं तर चालणार नाही का?” मास्तरांनी विचारलं. लागणीची भीती अजून गेली नव्हती.

“नाही चालणार, काका.”

तिने आधी ड्रायव्हरची पट्टी सोडली, मग मास्तरांची. गार थेंब पडले. “आता उघडा. सावकाश.”

आधी नुसता उजेड आला. मग त्या उजेडात आकार दिसायला लागले, पाण्यातून दिसावेत तसे हलणारे. समोर पांढरी बाही होती. बाहीला कड होती. आणि त्या कडेवर शिवण होती. मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना शिवण दिसत होती.

“दिसतंय हो,” ते म्हणाले. शेजारी ड्रायव्हर लहान पोरासारखा हुंदके देत होता.

“रडायचं नाही. नव्या डोळ्यांना त्रास होतो,” सिस्टर म्हणाली.

ती त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली, अगदी जवळ. एका तळव्याने तिने मास्तरांचा डावा डोळा झाकला, दुसऱ्याने ड्रायव्हरचा उजवा. दोन नवे डोळे तेवढे उघडे राहिले. तपासणी असेल, मास्तरांना वाटलं. पण ती ना त्यांच्याकडे बघत होती, ना ड्रायव्हरकडे. ती दोघांकडे मिळून बघत होती.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “जेवले हो मी सकाळी. काळजी करू नका.”