उसण

"ठेव पाय, जये! आपल्या भावालेच काहून भेतं?" मानीबाई ओरडली.

जया हलेना. अंगणात बबलू पालथा पडला होता, तापानं फणफणलेला. जया पायाळू, पायाकडून जन्मलेली. पायाळूची लाथ बसली की पाठीतली उसण पळते, म्हणून सारा तांडा तिच्याकडं पाठ घेऊन यायचा. आज सख्खा भाऊ आला, तर पोरीचा पाय उचलेना.

"कोळसा उचलू उचलू उसण भरली वो," मानीबाई जमलेल्या बायांना सांगत होती. कापसाला भाव उरला नाही, तेव्हापासून बबलू राजूरला कोळशाचे ट्रक भरायला जायचा. बायांना पटलं. न पटायला काय झालं?

मानीबाईला मात्र खरं ठाऊक होतं. सकाळी अंग पुसताना तिनं लेकाचे हात पाहिले होते. शिरांवर सुयांची भोकं, काळेनिळे डाग. "नशेच्या सुया घेतं काय रे मेल्या?" तिनं विचारलं, तर पोरगा नुसता रडला. तिनं त्याच्या बाह्यांची बटणं लावून टाकली. जयाचं लग्न तोंडावर आलं होतं. होणारी विहीण बिजलीबाई तिथंच अंगणात उभी. नशाबाजाची बहीण कोण सून करून घेईल? दवाखान्यात नेलं की सगळं उघडं पडणार. लग्न उरकू दे, मग नेऊ, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

जयानं डोळे मिटून पाय दिला. बबलू कळवळला. "गेली, गेली उसण!" बाया म्हणाल्या. बिजलीबाई तेवढी बबलूच्या बटणं लावलेल्या बाह्यांकडं बघत होती. बसची वेळ झाली म्हणत निघूनच गेली. मानीबाईनं लेकाच्या बाह्या आणखी खाली ओढल्या.

तिसऱ्या दिवशी बबलूचे पाय उचलेनात, लघवी अडली. मग कुठली लाज न काय! बाप हरिसिंगनं जीप केली, यवतमाळला नेलं.

"सुईतून जंतू रक्तात गेले. मणक्यात पू झालाय, नसा दबल्यात," डॉक्टर म्हणाले. "आधी का नाही आणलं?"

ऑपरेशन झालं. पू निघाला, पाय काही हलले नाहीत.

जया आईपुढं आपल्याच पायावर मुठी मारत होती. "माह्या लाथीनं झालं, याडी!"

"नाही वं माय, माह्या तोंडानं झालं!" मानीबाईनं लेकीला कवटाळून हंबरडा फोडला.

तेवढ्यात बिजलीबाई आली. लग्न मोडायलाच आली असणार. मानीबाईनं पदर पसरला. "पोरीचा काही दोष नाही, इहीनबाई. मोडू नका."

बिजलीबाईनं तो पदर उचलून तिच्या खांद्यावर टाकला.

"माह्या थोरल्यानंबी सुया घेतल्या. त्याचीबी पाठ अशीच धरली होती. म्या लपूनछपून इथंच आणलं, आज तो चालते. त्या दिवशी तुमच्या अंगणात मले सारं समजलं होतं, इहीनबाई. पण बोलली असती, तर तुमी विचारलं असतं, तुमाले कसं माईत?"