पहिली बास्केट पडेपर्यंत

सामना सुरू होऊन सहा मिनिटं झाली होती आणि कोल्ह्यांची, म्हणजे कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची, एकही बास्केट पडली नव्हती. त्यामुळे ब्रॅनिक कॉलेजच्या त्या लहानशा हॉलमध्ये सहाशे माणसं अजून उभी होती. आपल्या संघाची पहिली बास्केट पडेपर्यंत इथे कोणी बसत नाही. आजारी माणूस घरी रेडिओवर सामना ऐकतो, आणि तोही म्हणे उभ्यानंच.

एल्डन कुचेरा तिसऱ्या रांगेत, आपल्या कायमच्या जागी उभा होता. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, तोंड मात्र शाबूत. या हंगामात कोल्हे तीन सामने जिंकले होते आणि एकवीस हरले होते. आजचा घरच्या मैदानावरचा शेवटचा. ‘आज चौथा जिंकणार,’ असं तो सकाळपासून भेटेल त्याला सांगत होता. पुढच्या वर्षी तर ही पोरं करंडकच आणणार, याची त्याला खात्री होती. ही खात्री त्याला गेली त्रेचाळीस वर्षं दरसाल वाटत आली होती.

शेजारी त्याची मुलगी जनेल उभी होती. ती दूर ॲरिझोनात नर्स होती. बाप एकटा राहतो आणि महिन्याभरात दोनदा पडला, हे कळल्यावर ती विमानानं धावत आली होती. येताना गाडीत दोघांची पैज लागली. एल्डननं सगळ्यांसारखं उभं राहून दाखवायचं आणि सगळ्यांबरोबर बसून दाखवायचं, कोणाचाही हात न धरता. जमलं तर तो गावातच राहणार. नाही जमलं तर सोमवारी मुकाट्यानं तिच्याबरोबर ॲरिझोनाला, कायमचं. अट त्यानंच घातली होती. कोल्हे पहिल्याच मिनिटात बास्केट टाकणार, यात त्याला शंका नव्हती. तिकिटाच्या रांगेत उभं असताना त्यानं ही पैज निम्म्या गावाला सांगूनही टाकली होती.

पाहुण्या संघाचे चौदा गुण झाले. मग कोल्ह्यांच्या एका पोराला धक्का बसला, त्याला फ्री थ्रो मिळाला आणि फळ्यावर त्यांचा पहिला गुण लागला.

“सुटलो एकदाचे! बसा!” विद्यार्थ्यांच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं. माणसं अर्धी वाकलीही.

“उठा रे!” एल्डन गरजला. “फ्री थ्रो म्हणजे बास्केट नव्हे! आयत्या गुणावर बसताय, लाज नाही वाटत?”

सगळे पुन्हा ताठ झाले. या बाबतीत एल्डनच्या शब्दापुढे कोणी जात नसे.

“बाबा, गप्प बसला असतास तर सुटला असतास ना,” जनेल हळूच म्हणाली.

“बसायचंच असेल तर तुझं ॲरिझोना आहेच की. तिथे सगळे बसूनच असतात.”

ती हसली. पण तिची नजर त्याच्या पायांवरून हलत नव्हती. विजारीच्या आत ते पाय थरथरत होते.

आठव्या मिनिटाला कोल्ह्यांचा अकरा नंबरचा सडपातळ पोरगा शेवटच्या रेषेला चिकटून आत घुसला आणि त्यानं चेंडू वर सारला. चेंडू कड्यावर दोनदा नाचला आणि जाळीत पडला. हॉल दणाणून गेला. मग सहाशे माणसं एकदम लाकडी बाकांवर बसली.

एल्डन बसला नाही. गुडघे कुलूप लावल्यासारखे अडकले होते. त्यानं जोर लावून पाहिला, पुढे झुकून पाहिलं. हात आपोआप जनेलच्या खांद्याकडे निघाला, तो त्यानं मागे घेऊन खिशात कोंबला. भरल्या हॉलमध्ये तो एकटाच उभा होता. त्याची मान लाल झाली. उभ्या जन्मात त्याला एवढी लाज वाटली नव्हती.

“जनेल,” तो इतक्या खालच्या आवाजात म्हणाला की तिला तो आवाज ओळखूच आला नाही. “जरा थांब हं. बसतो मी.”

असे गुडघे तिनं शेकड्यांनी पाहिले होते. हे आता आधाराशिवाय वाकणार नाहीत, हे तिला कळून चुकलं. तिनं हात पुढे केला.

तेवढ्यात मागच्या रांगेतली ट्वायला उठली. दर सामन्याला संघासाठी घरून कोलाची नावाचे गोड पाव भाजून आणणारी, कोल्ह्यांची सगळ्यात कडवी चाहती.

“ओ पंच!” ती किंचाळली. “डोळे आहेत का बटणं? पोराचा पाय रेषेबाहेर होता! ही बास्केट धरायची नाही!”

पंच वळून बघतच राहिला. आपल्याच संघाची बास्केट रद्द करा म्हणणारा प्रेक्षक त्यानं आजवर पाहिला नसावा. कोल्ह्यांच्या प्रशिक्षकानं तर कपाळाला हात लावला.

“बरोबर आहे! पाय बाहेर होता!” पलीकडून दातांचा डॉक्टर उठला. मग त्याची बायको. मग पोस्टातली दोघं, मग विद्यार्थ्यांची अख्खी बाजू. बघता बघता सगळा हॉल पुन्हा उभा राहिला. एल्डनकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. सगळे पंचाच्या नावानं शिमगा करत होते.

एल्डननं डोळे पुसले आणि तो मुलीकडे वळला.

“तू सांग. तू कधी खोटं बोलत नाहीस. काय दिसलं तुला?”

जनेलनं फळ्याकडे पाहिलं. कोल्ह्यांचे तीन गुण तिथे स्वच्छ झळकत होते. मग तिनं मागे वळून त्या उभ्या माणसांकडे पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पुढे केलेला हात तिनं खाली घेतला.

“पाय बाहेर होता, बाबा,” ती म्हणाली. “चांगला वीतभर.”