कानसेन

"येतोय ना आवाज?" कप्तानाने विचारले.

कानसेनांनी हात वर करून त्याला गप्प केले. मालकाच्या केबिनमधल्या लाकडी भिंतीला उजवा कान लावून ते डोळे मिटून उभे राहिले. पायाखाली दोन्ही इंजिने पूर्ण जोरात चालू होती. मध्ये कुठेही तेल न भरता पाच हजार सागरी मैल जाणारी, बर्फाळ समुद्रालाही न भिणारी नवीकोरी यॉट होती ती. माणसांचा दीड महिन्याचा शिधा तिच्या पोटात सहज मावत होता.

"काही नाही," कानसेन म्हणाले. "एकदम शांत. इतकी शांत बोट मी आजवर पाहिली नाही."

कप्तानाचा चेहरा उतरला. कानसेनांच्या ते लक्षात आले नाही. ते वहीत तेच वाक्य लिहीत होते.

चाळीस वर्षे त्यांनी नव्या बोटींची परीक्षा केली होती. बोटींच्या मासिकात त्यांनी लिहिलेला शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाकीचे परीक्षक गाद्या दाबून बघत, नळ सोडून बघत. हे भिंतीला कान लावत आणि सांगत, डावीकडच्या पंपात खडखड आहे. उघडून पाहिले की ती असायचीच. 'तानसेन नसेल, पण कानसेन आहे', असे कोणीतरी गमतीने म्हणाले आणि नाव पडले ते पडलेच.

या यॉटवर म्हणे शिट्टी वाजत होती. वेग वाढला की पाण्याखालच्या पंख्याकडून एक बारीक शिट्टी सुरू व्हायची आणि थेट डोक्यात जायची. दोन महिने खलाशांना धड झोप नव्हती. बांधणाऱ्या कंपनीने हात झटकले होते. तुम्हाला भास होतो, म्हणे. शेवटी ठरले, कानसेनांना तीन दिवस फिरवून आणा. ते 'आहे' म्हणाले तर कंपनी मुकाट्याने पंखा बदलून देणार होती.

आज तिसरा दिवस होता आणि कानसेन खुशीत होते. तशी शांतता त्यांना नवी नव्हती. घरी आठ महिने तीच होती. बासष्टाव्या वर्षी पुन्हा समुद्रावर कशाला, यावरून भांडण झाले होते. "आता मी तुम्हाला एक अक्षर बोलणार नाही," असे बायको म्हणाली आणि बाई शब्दाला जागली. आवाज तिचा मुळातच बारीक. आता तर ती नुसती ओठांतल्या ओठांत पुटपुटायची. टीव्हीसुद्धा मुद्दाम हळू लावायची. पण ती शेर तर हे सव्वाशेर. हे पेपर तोंडापुढे धरून बसत. परवा निघताना ती दारात आली, तिचे ओठ हलले. पुटपुटतेस काय, नीट बोल की, असे मनात म्हणून ते जिना उतरले. उतरताना फार वाईट वाटले. पण आधी तिने बोलायला हवे होते.

दुपारी सगळे जेवायला बसले. स्वयंपाकीणबाईंनी पाण्याचे पेले आणून ठेवले. बाईंच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे होते. यॉट वेगात होती. दोन काचेचे पेले थरथरत सरकले आणि एकमेकांना भिडले. इंजिनवाल्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"आधीच ती शिट्टी, त्यात यांचं किणकिण!" असे म्हणत कप्तानाने पेले लांब केले.

कानसेन त्या पेल्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे करून ते पुन्हा जवळ आणले. काचेवर काच आपटत होती. आपटताना दिसत होती. त्यांनी खाली वाकून कान पेल्यांजवळ नेला. काही नाही. एकदम शांत.

सगळ्यांचे हात थांबले. बाईंनी काहीतरी विचारले. फक्त ओठ हलले.

"काय म्हणाल्या या?" कानसेनांनी विचारले. "पुटपुटल्या का?"

"नाही हो, चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या," कप्तान आपल्या भरड आवाजात म्हणाला. "बरं वाटत नाही का, विचारतात."

कानसेनांनी वही उघडली आणि सकाळचे वाक्य खोडले.

"कंपनीला कळवा," ते म्हणाले, "कानसेनाला पेल्यांचीच किणकिण ऐकू येत नाही, तर शिट्टी कुठून येणार? खोट माझ्यात आहे. दुसरा माणूस बोलवा." चाळीस वर्षांची अब्रू त्यांनी जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि ते उठले. कोणाच्याच तोंडात घास फिरेना.

वर सुकाणूपाशी उपग्रहावरून चालणारा फोन होता. कानसेनांनी घरचा नंबर लावला. दोनदा चुकला. कप्तान मागोमाग आला होता. तो बाजूला उभा राहिला.

फोनच्या पडद्यावरचे सेकंद पळू लागले. म्हणजे तिने उचलला होता.

"मी बोलतोय गं," कानसेन म्हणाले.

सेकंद पळत होते. कानात काही नव्हते. त्यांनी फोन कप्तानापुढे धरला.

"ती काय म्हणतेय ते मला सांगा. मोठ्यानं सांगा."

कप्तानाने ऐकले. त्याला कानसेनांकडे बघवेना.

"वहिनी रडताहेत," तो म्हणाला. "विचारताहेत, आठ महिन्यांनी का होईना, सोडलात ना एकदाचा तुमचा अबोला?"