खिडकीकडचा गाल

मावशीने एकतीस वर्षं बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर कुठे आरशात नीट पाहिलं. भाचीने तिला व्हिटॅमिन सीचं सीरम आणून दिलं आणि वर बजावलं, "रोज सकाळी तोंड धुऊन, कोरडं करून चार थेंब. त्यावर सनस्क्रीन. आणि तीन महिने आरशाशी भांडायचं नाही."

गाडी काढण्याआधी ब्रेक तपासावेत, तितक्या इमानाने मावशीने ते केलं. एका दिवसाचाही खाडा नाही.

तीन महिन्यांनी भाचीने बाटली उजेडात धरली आणि कपाळावर हात मारला. "अर्धी तशीच आहे! कंटाळा केलास ना?"

"कंटाळ्याचं नाव काढू नकोस. रोज लावते, फक्त या गालाला." मावशीने खिडकीकडचा, उन्हाने रापलेला गाल पुढे केला.

"अगं, दुसऱ्यावरही सुरकुत्या आहेतच की!"

"त्या माझ्या वयाच्या आहेत, राहू देत." मावशीने बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. "या गालावर मात्र नोकरीने जास्तीची दहा वर्षं विनातिकीट चढवलीत. ती उतरवल्याशिवाय मी सोडत नसते."