हात धुण्याची पाच मिनिटं

एकोणीसशे एकसष्ट साली, मार्चमधल्या एका मंगळवारी, शस्त्रक्रियेच्या खोलीत वहिनीचा हातमोजा दिव्याच्या दांड्याला लागला, आणि ते नणंदेनं पाहिलं.

डॉक्टर बाहेर हात धूत होते. घड्याळ लावून पाच मिनिटं धूत असत. मिशनच्या त्या दवाखान्यात नियम साधा होता. उकळून आणलेल्या सामानाखेरीज कशालाही हात लागला, की तिथल्या तिथे म्हणायचं, "लागलं." जिचं तिला कळलं नाही, तर पाहणारीनं म्हणायचं. नवे हातमोजे मिळत. कुणी रागवत नसे.

नणंद काही म्हणाली नाही.

मोठ्या सिस्टर महिनाअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांची जागा या दोघींपैकी एकीला मिळणार, आणि ती वहिनीच असणार, हे झाडूवाल्यापासून सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. नोकरीत आठ वर्षं मागून आलेली! घरात आली तर भाऊ हिचा झाला, इथे आली तर आता हेही हिचंच. वहिनीचे हात सुऱ्या-चिमट्यांवरून फिरत होते. टेबलावर पोस्टमनची बायको भूल देऊन निजवलेली होती. आता म्हणावं. आता तरी.

डॉक्टर आत आले. त्यांनी हात पुढे केला. वहिनीनं सुरी उचलली.

"डॉक्टर, थांबा! हिचा हातमोजा दिव्याला लागलाय!"

सगळं सामान पुन्हा उकळायला गेलं. चाळीस मिनिटं ती बाई तशीच भुलेत पडून राहिली. डॉक्टर वहिनीवर असे बरसले, की बाहेर बाकावर बसलेला पोस्टमन दचकून उठून उभा राहिला. वहिनीची रवानगी वॉर्डात झाली. मोठ्या सिस्टरनी नणंदेच्या खांद्यावर हात ठेवला. "भावजयीचीसुद्धा भीड धरली नाहीस हो!" म्हणाल्या.

त्या दिवसापासून नणंदेचं कशात लक्ष लागेना. दाराची कडी लावून आली, की लावली का ते बघायला पुन्हा जाई. वहिनी चहा पुढे ठेवी आणि "साखर बघा, वन्सं," एवढंच म्हणे. भाऊ दोघींच्या मधे पेपर धरून बसे, अर्धा अर्धा तास एकच पान. प्रार्थनेला गुडघे टेकले, की शब्द सुचायच्या आधी ती पाच मिनिटं येऊन समोर उभी राहत. बाई बचावली, म्हणजे मी चांगलंच केलं ना? असं ती देवाला विचारी. आणि उत्तर यायच्या आत उठून जाई.

रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, "शुद्ध अंतःकरण कसं असतं, हे आपल्याच एका भगिनीनं या आठवड्यात दाखवून दिलं." माना वळल्या. नणंद बाकाची कड नखानं कुरतडत राहिली. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट हातोहात फिरत तिच्यापाशी आलं. तिनं तुकडा न उचलता ते तसंच पुढे दिलं. शेजारी वहिनी होती. तिनंही तसंच पुढे दिलं.

दुपारी वहिनी गणवेशाला इस्त्री करत होती. नणंद दारात येऊन उभी राहिली, मागे वळली, पुन्हा आली.

"वहिनी, मी ते आधीच पाहिलं होतं. डॉक्टर हात धूत होते तेव्हाच."

"ठाऊक आहे."

"म्हणजे?"

"आपली नजरानजर झाली होती, वन्सं." वहिनीनं इस्त्री उभी करून ठेवली. "लागलं ते मलाही कळलं होतं. अगदी तोंडाशी आलं होतं. पण म्हटलं, मोठ्या सिस्टर बाहेर उभ्या आहेत, आजच कशाला? मग तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही गप्प. मला वाटलं, मला सांभाळून घेताय. नऊ वर्षांत पहिल्यांदा वाटलं, की वन्सं माझ्या आहेत. म्हणून उचलली सुरी."

नणंदेनं तिच्या हातातला गणवेश काढून बाजूला ठेवला.

"चल, चपला घाल. डॉक्टर आत्ता घरी असतील."

"दोघींनी जायचं?"

"मग काय? मी एकटी जाऊन सांगितलं, तर पुन्हा मीच चांगली ठरेन."

डॉक्टरांनी दोघींनाही शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार बंद केलं. मोठ्या सिस्टरची जागा बाहेरून आलेल्या एका बाईंना मिळाली. पोस्टमनची बायको पुढे पतवंडं खेळवून गेली. पाळकसाहेबांनी त्यानंतर उपदेशात जिवंत माणसाचं उदाहरण कधी दिलं नाही. भाऊ पेपर वाचत राहिला. मात्र आता अधूनमधून पान उलटू लागला. वहिनीला सहा वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रियेच्या खोलीत घेतलं, आणि तिच्या हाताखालच्या मुली "लागलं" इतक्या मोठ्यानं म्हणत, की व्हरांड्यात ऐकू येई.

नणंदेला डॉक्टरांनी दोनदा परत बोलावलं. ती गेली नाही. वॉर्डातच राहिली, तिथूनच निवृत्त झाली. शिकाऊ नर्सा तिला चिडवायच्या, "सिस्टर, तुम्ही जन्मात एक तरी पाप केलंय का हो?"

"केलंय की," ती चादरीची घडी घालत म्हणायची. "एकदा खरं बोलले."